चौतिसाव्या स्लाइडवरची मागणी

एका वाचक बाईंचं पत्र आलंय, थोडक्यात असं: त्या कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, बारा वर्षं क्वालिटी विभागात आहेत. पावसाळ्यात त्यांच्या एका कास्टिंगचं (ओतीव भागाचं) रिजेक्शन वाढलं. दोष वरून दिसत नाही, गिऱ्हाइकाकडे मशिनिंग झाल्यावर उघडा पडतो. त्यामुळे पुण्याच्या त्या गिऱ्हाइकाने सगळा माल १००% तपासून पाठवायची अट घातली आणि डेबिट नोटाही (खराब मालाचे पैसे कापून घेण्याच्या चिठ्ठ्या) सुरू केल्या. मग खुलासा करायला बोलावणं आलं. आधीचे साहेब निवृत्त झालेले, म्हणून प्रेझेंटेशन यांच्या गळ्यात पडलं. वेळ अर्धा तास, स्लाइड ३८. सहाव्या स्लाइडला परचेस हेड म्हणाले, "मॅडम, मुद्द्यावर या." त्या गडबडल्या, कशाबशा अकराव्या स्लाइडपर्यंत पोचल्या आणि वेळ संपली. आता तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय, या वेळी २० मिनिटं. त्या विचारतात: "पुण्यात दोन दिवसांचा प्रेझेंटेशनचा कोर्स आहे, तो करू का? एआयकडून देखण्या स्लाइड करून घेऊ का? की आमच्याकडे एमबीए झालेला एक मुलगा आहे, इंग्रजी फाडफाड बोलतो, त्यालाच उभं करू? मालक म्हणतात, काही काढायचं नाही, उलट आपली सर्टिफिकेटं पुढे घ्या. मला प्रेझेंटेशन जमत नाही हे मला मान्य आहे, पण आता ते टळणारही नाही." पत्रासोबत नावं झाकून ती ३८ स्लाइडची फाइलही आहे. (ओळख पटू नये म्हणून आकडे मी बदलले आहेत.)

तुमची फाइल मी दोनदा पाहिली. नोकरीची शेवटची अठरा वर्षं मी टेबलाच्या पलीकडे काढली, म्हणजे माल घेणाऱ्यांच्या बाजूला. सप्लायर यायचे, लॅपटॉपची वायर जोडता जोडता घामाघूम व्हायचे, आणि मी चहाचा कप घेऊन बघत बसायचो. त्या सवयीनेच सांगतो, तुमच्या स्लाइड वाईट नाहीत. रंग डोळ्यांत जात नाहीत, स्पेलिंग बरोबर आहेत, डावीकडून गिरक्या घेत येणारी अक्षरं नाहीत. या शेवटच्या गोष्टीबद्दल तर मनापासून आभार.

आता तुमच्या पत्राचं दुसरं पान बघा. तिथे तुम्ही मला सहज लिहून गेलात (बाकी वाचकांसाठी: कोअर म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा, कोअर बॉक्स म्हणजे तो गाभा बनवायचा साचा, व्हेंट म्हणजे गॅस बाहेर जायची वाट आणि ब्लोहोल म्हणजे अडकलेल्या गॅसने झालेलं भोक): "पावसात कोअर ओल धरतो. लोखंड ओतलं की त्यातून गॅस सुटतो, बाहेर पडायला वाट पुरत नाही म्हणून कास्टिंगमध्येच अडकतो आणि ब्लोहोल होतात. कोअर बॉक्सला दोन व्हेंट वाढवले की प्रश्न मिटतो. आम्ही हाताने व्हेंट पाडून २०० नग करून बघितले, फक्त ३ गेले. पण कोअर बॉक्स गिऱ्हाइकाचा, त्यांच्या मंजुरीशिवाय आम्हाला हात लावता येत नाही."

मी फाउंड्रीतला माणूस नाही, तरी मला सगळं कळलं. काय बिघडलं, का बिघडलं, उपाय काय, पुरावा काय आणि अडलंय कुठे. एवढं नेमकं लिहिणाऱ्या बाईंनी "मला प्रेझेंटेशन जमत नाही" म्हणावं हे मला पटत नाही.

मग हे बोलणं फाइलमध्ये कुठे आहे ते शोधलं. मंजुरीचा विषय सापडला स्लाइड ३४ वर, खालून दुसरी ओळ, "टूलिंग मॉडिफिकेशन (प्रपोज्ड)" अशा अंगचोर शब्दांत. तुम्ही थांबलात अकराव्या स्लाइडला. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही पहाटे उठून पुण्याला गेलात, ती त्या खोलीत कोणाच्या कानावर पडलीच नाही. सहाव्या स्लाइडवर काय होतं आठवतंय? तुमच्या भट्टीचा फोटो. आठ वर्षं तुमच्याकडून माल घेणाऱ्या माणसाला तुम्ही तुमची भट्टी दाखवत होतात. "मुद्द्यावर या" हे तुम्हाला झापणं वाटलं, साहजिक आहे. मला मात्र वाटतं, ते बिचारे खरंच मुद्दा शोधत होते.

महत्त्वाचं खाली जाणं ही एकट्या तुमची चूक नाही, फार मोठ्या माणसांकडून ती झाली आहे. कोलंबिया अंतराळयान आपल्याकडे कल्पना चावलामुळे सगळ्यांना आठवतं. १६ जानेवारी २००३ ला यान उडालं तेव्हा इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा निघून डाव्या पंखावर आदळला. त्याने काही धोका आहे का, हे इंजिनिअरांनी स्लाइडवरून अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. आणि अगदी तळाला, लहान अक्षरांत, दोन आकडे होते: चाचण्यांमधला फोमचा तुकडा ३ घनइंच, इथे आदळलेला १९२० घनइंच. म्हणजे ६४० पट. ज्या चाचण्यांच्या जोरावर मथळा धीर देत होता, त्या या तुकड्याला लागूच पडत नव्हत्या, हे त्या तळाच्या ओळीत दडलेलं होतं. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं आणि सातही जण गेले. त्याच वर्षी आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात ती स्लाइड छापली आहे आणि एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने तिची केलेली चिरफाडही दिली आहे. एका स्लाइडमुळे अपघात झाला असं कोणी म्हणत नाही, मीही नाही. पण स्लाइड वाचून बैठकीतली माणसं काय समजून उठली असतील, याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

ब्लोहोल आणि अंतराळयान यांची बरोबरी करत नाही. तुमची चौतिसावी स्लाइड बघून ती स्लाइड डोळ्यांपुढे आली, एवढंच.

आता तुमच्या ३८ स्लाइड कशाच्या आहेत ते मोजू. पहिली नावाची. मग सात कंपनीच्या ओळखीच्या, पाच सर्टिफिकेटांच्या, नऊ रिजेक्शनच्या तक्त्यांच्या, सहा फिशबोन आणि व्हाय-व्हायच्या (म्हणजे दोषाचं मूळ कारण शोधायच्या आकृत्यांच्या), चार ट्रेनिंगच्या फोटोंच्या, पाच कारवाईच्या यादीच्या आणि शेवटी गुलाबाच्या फुलासकट आभार. यातली प्रत्येक स्लाइड का घातली असं विचारलं, तर तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण मीही ते दिलंय: "कुणी विचारलं तर असावी." ट्रेनिंग दिलं का विचारलं, तर फोटो आहे. कॅलिब्रेशन (मोजमापाच्या उपकरणांची तपासणी) झालंय का विचारलं, तर सर्टिफिकेट आहे. म्हणजे फाइल तुम्ही समोरच्यांसाठी बनवलेलीच नाही. स्वतःच्या बचावासाठी बनवली आहे. खुलासा मागितलेल्या माणसाने तसं करणं स्वाभाविक आहे. पण ढाल घेऊन गेलं की मागणी करायला हात मोकळा राहत नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा ओव्हरहेड प्रोजेक्टर होते. पारदर्शक कागदावर पेनने लिहायचं, चूक झाली की थुंकी लावून पुसायचं. पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर आली, तीसुद्धा असे कागद छापून काढण्यासाठीच. त्या कागदांची एक गोष्ट चांगली होती. ते महाग असायचे आणि स्टोअरवाला मोजून द्यायचा. आठ मिळाले की आठातच भागवायचं. आज स्लाइड फुकट आहे, आणि अडतिसावी स्लाइड घालताना अडवायला कोणी स्टोअरवाला नाही.

तेव्हा उलट्या टोकाने सुरुवात करा. लॅपटॉप उघडण्याआधी एका कागदावर एकच वाक्य लिहा: बैठक संपल्यावर परचेस हेड काय म्हणायला हवेत? तुमच्या बाबतीत ते असं असेल: "ठीक आहे, कोअर बॉक्सला व्हेंट करून घ्या, आणि तीन लॉट स्वच्छ आले की तपासणी उठवू." हे वाक्य त्यांच्या तोंडून निघायला त्यांना काय काय कळावं लागेल, तेवढंच स्क्रीनवर. बाकीचं फेकू नका, मागे ठेवा. शेवटच्या स्लाइडनंतर परिशिष्ट म्हणून ते सगळं असू द्या आणि त्यांचे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून घ्या. कोणी कॅलिब्रेशन विचारलंच, तर स्लाइड शो चालू असताना क्रमांक टाइप करून एंटर दाबा, ती स्लाइड थेट उघडते. पुढेमागे करत चाळीस पानं भिरभिरवावी लागत नाहीत. विचारल्यावर पुरावा असा झटक्यात निघाला की भाव वाढतो. न विचारता दाखवला की त्याच पुराव्याला जांभया येतात.

मालकांशी वाद घालू नका, हिशेब दाखवा. २० मिनिटांतली पाच मिनिटं कोणी उशिरा येण्यात आणि वायर जोडण्यात जातात. सात मिनिटं त्यांचे प्रश्न. उरली आठ. आठ मिनिटांत ३८ स्लाइड म्हणजे एकीला साडेबारा सेकंद. "साहेब, सर्टिफिकेटं मी रंगीत छापून फाइलला लावते, बैठकीआधी त्यांच्यासमोर ठेवते. स्क्रीनवरची आठ मिनिटं आपल्याला मंजुरी घ्यायला हवीत," असं म्हणा. आणि मनातून त्यांच्यावर चिडू नका. नव्या गिऱ्हाइकाकडे जाताना भट्टी, सर्टिफिकेटं, मशीनची यादी हे सगळं पुढेच असावं लागतं, तिथे "तुम्ही कोण" हाच पहिला प्रश्न असतो. मालकांनी धंदा अशाच बैठकांमधून उभा केलाय, त्यांना तीच पद्धत माहीत आहे. फक्त ही बैठक तशी नाही.

आता एक स्लाइड जवळून बघू, तुमची सतरावी. मथळा: "रिजेक्शन अ‍ॅनालिसिस". खाली तक्ता, बारा महिने आडवे, नऊ दोष उभे. एकशे आठ आकडे, अक्षर ११ पॉइंटचं. हा तक्ता तुम्ही रात्री बसून केला असणार, आणि तो बरोबर आहे. पण मला जुलै आणि ब्लोहोल यांचा चौकोन सापडायला पाऊण मिनिट लागलं, तेही चष्मा लावून, घरी, निवांत.

मथळ्यात विषयाचं नाव लिहिण्याऐवजी निष्कर्षाचं पूर्ण वाक्य लिहा: "पावसाळ्यात वाढलेलं रिजेक्शन जवळपास सगळं ब्लोहोलचं आहे." मग त्याखाली तेवढंच दाखवा जे या वाक्याचा पुरावा आहे. एक रेषालेख, बारा महिन्यांचा. नऊही दोषांच्या रेषा ठेवा हवं तर, पण आठ फिक्या राखाडी आणि ब्लोहोलची एकच गडद. कोपऱ्यातली रंगांची किल्ली काढून टाका, रेषेच्या टोकाशीच "ब्लोहोल" असं लिहा, म्हणजे बघणाऱ्याचे डोळे उजवीकडे-खाली खेपा घालत नाहीत. पावसाचे महिने मागे हलक्या पट्टीने दाखवा. पट्टी सुरू होते तिथेच रेषा वर उसळते, हे तुम्ही एक शब्द न बोलता दिसेल. मग तक्ता? परिशिष्टात, आहे तसा. लाल-हिरव्याच्या भरवशावर मात्र राहू नका. काही पुरुषांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत आणि ते ही गोष्ट बैठकीत सांगत नाहीत.

सगळ्या मथळ्यांना हीच कसोटी लावा. फाइलमधले नुसते मथळे एकाखाली एक वाचले, तर गोष्ट कळली पाहिजे. तुमचे आताचे मथळे वाचून बघा: "इंट्रोडक्शन, ओव्हरव्ह्यू, डेटा, अ‍ॅनालिसिस, अ‍ॅक्शन प्लॅन". हे कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही फाइलवर चिकटवता येतील.

तुमच्या फाइलमध्ये एक सोन्यासारखी गोष्ट आहे आणि तुम्हाला तिची किंमत कळलेली नाही, म्हणून इथे जरा थांबतो. तुम्ही म्हणता, व्हेंट पाडून केलेल्या २०० पैकी ३ नग गेले. छान. पण मी तुमच्या समोर बसलो असतो तर लगेच विचारलं असतं, "मॅडम, त्या आठवड्यात पाऊसच कमी झाला नव्हता कशावरून? व्हेंटमुळे सुधारलं की उन्हामुळे?" या प्रश्नावर भल्याभल्यांचं प्रेझेंटेशन आडवं होतं. आणि तुमच्याकडे उत्तर आहे! स्लाइड २७ च्या कोपऱ्यात, फिशबोनच्या शेपटीशी, बारीक अक्षरांत लिहिलंय की त्याच दिवशी, त्याच वाळूच्या, जुन्या पद्धतीच्या कोअरने केलेल्या २०० नगांत १३ गेले. तीच हवा, तीच वाळू, तेच लोखंड. फरक फक्त व्हेंटचा. १३ आणि ३. हे दोन आकडे शेजारीशेजारी, मोठ्या अक्षरांत, स्लाइडवर दुसरं काही नाही. "सुधारणा ७७%" वगैरे लिहू नका. टक्केवारी ऐकली की समोरचा मनात "किती नगांवर?" विचारतो. १३ आणि ३ म्हटलं की तो विचारतो, "मग कधी करताय?"

आणि तुमच्या ३८ स्लाइडमध्ये एक गोष्ट नाहीच. कोअर बॉक्समध्ये बदल करायचा खर्च कोणाचा? बॉक्स किती दिवस टूल रूममध्ये राहील? तेवढ्या दिवसांचा माल तुम्ही आधी ओतून ठेवणार आहात का, की त्यांची लाइन थांबणार? मी माल घेणारा होतो, म्हणून सांगतो. ब्लोहोल कसा होतो याच्यात परचेसवाल्याला मर्यादित रस असतो. त्याची झोप उडते ती लाइन थांबण्याने. व्हेंट पाडणं हे मोठं काम नाही, त्याचा खर्च किरकोळ असेल तर मालकांना विचारून "खर्च आमचा" असं छातीठोक लिहा, डेबिट नोटांच्या मानाने ते स्वस्तच पडेल. आणि दिवसांचा आकडा टूल रूममध्ये जाऊन, मिस्त्रींना विचारून घ्या. टेबलावर बसून लिहू नका.

मग एकूण किती स्लाइड? मी सहा म्हणेन. पहिल्याच स्लाइडवर मागणी, दोन ओळींत: कोअर बॉक्सला दोन व्हेंट करायला मंजुरी, आणि तीन स्वच्छ लॉटनंतर १००% तपासणीतून सुटका. मग तो रेषालेख. मग कोअरचं काटछेदाचं एक साधं चित्र, गॅस कुठून सुटतो आणि कुठे अडतो त्याचा एकच बाण. मग १३ आणि ३. मग खर्च, दिवस आणि साठा. शेवटी तारखा, त्यांच्याकडून कोणाची सही कधीपर्यंत लागेल त्यासकट. आभाराची स्लाइड नको, आभार तोंडाने माना. शेवटपर्यंत पडद्यावर तारखाच राहू द्या, चर्चा त्यांच्यासमोर होईल. दहा स्लाइड, वीस मिनिटं, तीस पॉइंटचं अक्षर हा गाय कावासाकी या अमेरिकी गुंतवणूकदाराचा नियम तुम्हाला कोणीतरी सांगेल. तो गुंतवणूकदारांपुढे पैसे मागायला उभ्या राहणाऱ्या कंपन्यांसाठी होता, तुम्ही त्यातलं तीस पॉइंट तेवढं घ्या.

आता तुमचे तीन प्रश्न.

कोर्स. आवाज थरथरत असेल, घशाला कोरड पडत असेल, तर कोर्सने थोडा फायदा होतो, कारण तिथे दहा लोकांपुढे उभं राहावं लागतं. पण तीन आठवड्यांतले दोन दिवस आणि कोर्सची फी सध्या राखून ठेवा. त्याऐवजी दोन तालमी करा. एक कोअर शॉपच्या सुपरवायझरसमोर. तो तुमची तांत्रिक चूक पकडेल. दुसरी घरात, ज्याला कास्टिंगशी देणंघेणं नाही अशा माणसासमोर, आणि नंतर विचारा, "मी काय मागितलं?" उत्तर बरोबर आलं की झालं. फोनवर वेळ लावा. पहिली तीन वाक्यं पाठ करा, बाकी काही पाठ करू नका.

एआय. रंगसंगती, मांडणी, इंग्रजीची सफाई यासाठी खुशाल वापरा, मीही वापरतो. पण "ब्लोहोलवर प्रेझेंटेशन कर" म्हणाल, तर ते तुम्हाला वीस गुळगुळीत स्लाइड देईल आणि त्यात तुमचे १३ आणि ३ नसतील, कारण ते त्याला माहीत नाहीत. आणि गिऱ्हाइकाची ड्रॉइंग, पार्ट नंबर, रिजेक्शनचे आकडे असल्या फुकट साइटवर चढवू नका. गोपनीयतेच्या करारावर तुमच्या मालकांची सही आहे.

एमबीए झालेला मुलगा. पहिला प्रश्न येईल तो त्याला, आणि तो वळून तुमच्याकडे बघेल. त्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांना कळेल की जाणकार कोण आहे आणि तरी ती खुर्चीत का बसली आहे. त्याला बरोबर न्या, लॅपटॉप त्याच्या हाती द्या, परिशिष्टातली स्लाइड काढायचं काम त्याचं. तोही शिकेल.

इंग्रजीची भीती त्यामागे आहे, हे कळतंय मला. ज्यांनी "मॅडम, मुद्द्यावर या" असं म्हटलं, ते मराठीत म्हणाले ना? मग आधी ईमेल करून विचारा, बैठकीला कोण कोण असणार आहे. सगळे मराठी समजणारे असतील तर मराठीत बोला. कोणी बाहेरचा असेल तर हिंदीत. कोअर, व्हेंट, लॉट हे शब्द तसेही तिन्ही भाषांत तेच आहेत. स्लाइड मात्र इंग्रजीत असू द्या, कारण बैठकीनंतर ती फाइल तुम्हाला न भेटलेल्या माणसांकडे जाते. आणि स्लाइडवरचं इंग्रजी वाचून दाखवू नका. रिचर्ड मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरेच प्रयोग केले आहेत. तीच वाक्यं पडद्यावर वाचत असताना कानांनीही ऐकायला लागली की शिकणं सुधारत नाही, बिघडतं. प्रयोग वाचायच्या आधीच मला हे एका ज्येष्ठ साहेबांनी शिकवलं होतं. मी स्लाइड वाचत होतो, ते म्हणाले, "वाचता मला पण येतं." पंचवीस वर्षं झाली, वाक्य अजून टोचतं. तुम्हाला बोलायचं असेल आणि लोकांनी पडद्याकडे बघायला नको असेल, तर स्लाइड शोमध्ये कीबोर्डवरचं बी दाबा. पडदा काळा होतो, सगळे आपसूक तुमच्याकडे बघतात. पुन्हा बी दाबलं की स्लाइड परत.

एक अडचण उरते, आणि ती आपल्याकडे सगळीकडे आहे. "पीपीटी पाठवून द्या" म्हणतात, म्हणजे तीच फाइल बोलण्याचीही आणि दप्तरी ठेवायचीही. बोलायच्या फाइलमध्ये शब्द कमी हवेत, वाचायच्या फाइलमध्ये पुरेसे हवेत. अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोसनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढूनच टाकलं. तिथे सलग गद्यात लिहिलेलं टिपण आधी सगळे शांतपणे वाचतात आणि मग बोलतात. आपण पुण्याच्या गिऱ्हाइकाला गप्प बसून वाचा म्हणू शकत नाही. पण दीड पानाचं टिपण आदल्या दिवशी ईमेलने पाठवू शकतो. तुमच्या पत्राचं दुसरं पान जरा झाडूनपुसून घेतलंत की टिपण तयार आहे.

जाता जाता, मराठीत स्लाइड करणाऱ्यांसाठी थोडं, कारण पतसंस्थेची वार्षिक सभा, शेतकरी कंपनीची बैठक, शॉप फ्लोअरवरचं ट्रेनिंग अशा विषयांची पत्रंही माझ्याकडे पडून आहेत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की अक्षरांऐवजी रोमन अगम्य चिन्हं दिसतात, आणि ते सभेच्या वेळीच कळतं. निर्मला, मंगल, मुक्ता यांसारखा युनिकोड फॉन्ट वापरा आणि फाइलची पीडीएफ पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरचे रफार आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात. रकमा लाख-कोटीत लिहा. फाइल परदेशी पालक कंपनीकडे जाणार असेल तरच मिलियनमध्ये.

आणि आता तुम्हाला शेवटचं. तुमच्याकडे एक असं साधन आहे जे पुण्यातल्या कुठल्याही देखण्या स्लाइडवाल्याकडे नाही. ब्लोहोल असलेलं एक कास्टिंग मधोमध कापा, कापलेला भाग घासून स्वच्छ करा. व्हेंटवालं एक चांगलं कास्टिंगही तसंच कापा. तिसऱ्या स्लाइडला ही दोन्ही पिशवीतून काढा आणि टेबलावर ठेवा, हातोहात फिरू द्या. मी अठरा वर्षांत शेकडो प्रेझेंटेशनं पाहिली, लक्षात राहिलेली चार-पाच आहेत, आणि त्यातल्या तिघांनी टेबलावर काहीतरी जड ठेवलं होतं. गेटवर सिक्युरिटीला आधी नोंद करून ठेवा, नाहीतर बाहेर पडताना तेच कास्टिंग अडवतात. आणि खाली घालायला वर्तमानपत्र न्यायला विसरू नका. त्यांच्या टेबलाची काच नवी असेल.